किनोसाकी ओन्सेन : आईबरोबर र्योकानात दोन रात्री

माडाचीसावली (धागाकर्ती)

गेल्या नोव्हेंबरात आई पहिल्यांदाच आमच्याकडे कोबेला आली. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण तिला एका जागी बसवत नाही. ती यायच्या आधीच मी ठरवलं होतं की तिला ओन्सेनला, म्हणजे इथल्या गरम झऱ्यांच्या न्हाणीघरात, न्यायचं. तिचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यांजवळ. (कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा.) भाताची झोडणी उरकली की घरच्या सगळ्या बायका अंग शेकायला तिथे जायच्या, परकर छातीवर बांधून पाण्यात बसायच्या, हे तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेय.

पहिला प्रयत्न फसला. घरापासून जवळच्याच एका ठिकाणी गेलो होतो, नाव देत नाही. काउंटरवरच्या बाईंची नजर आईच्या हाताकडे गेली आणि त्यांनी वाकून वाकून माफी मागत नकार दिला. आईच्या उजव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, तिथून कोपरापर्यंत ठिपक्यांची वेल आणि कपाळावर एक ठिपका. जपानात अंगावर गोंदलेलं दिसलं की याकुझा, म्हणजे गुंडांच्या टोळ्या आठवतात. बऱ्याच न्हाणीघरांच्या दारावर तशी पाटीच असते. त्या बाई काय म्हणाल्या ते आईला सांगायचा मला धीर झाला नाही, पण तिला कळायचं ते कळलं. परतीच्या गाडीत तिने पदर मनगटावर ओढून घेतला. म्हणाली, "आठ वर्षांची होते गो मी. आजीनं मांडीवर धरून गोंदवून घेतलं. मेल्यावर एवढंच सोबत येतं म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून शोधाशोध केली आणि किनोसाकी सापडलं. तिथल्या सातही सार्वजनिक न्हाणीघरांत गोंदण चालतं. कुणाच्या आईच्या, आजीच्या, मावशीच्या हातावर गोंदण असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचावी, म्हणून हा धागा.

किनोसाकी ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, तोयोओका शहराच्या हद्दीत, जपानच्या समुद्राजवळ आहे. आम्ही कोबेच्या सान्नोमिया स्टेशनाहून 'हामाकाझे' एक्सप्रेस धरली, पावणेतीन तासांच्या आसपास लागले. ओसाकाहून येणाऱ्यांना 'कोउनोतोरी' सोयीची. कोउनोतोरी म्हणजे करकोचा. जखमी करकोचा एका जागी पाण्यात पाय बुडवून बसलेला दिसला आणि तिथेच गरम पाणी सापडलं, अशी इथली आख्यायिका. दुसरी कथा दोची शोनिन या भिक्षूची: त्याने हजार दिवस प्रार्थना केली आणि इ.स. ७२० मध्ये झरा फुटला. शेवटची काही मिनिटं गाडी मारुयामा नदीच्या काठाकाठाने जाते. रुंद, संथ पाणी आणि पलीकडे धुक्यातले डोंगर. आई खिडकीला नाक लावून होती. "आपली शास्त्री नदी हाय ही," म्हणाली.

स्टेशनाबाहेर पडलो की गाव एका नजरेत येतं. मधून ओताणी नावाची चिमुकली नदी, दोन्ही काठांना विलोची झाडं, त्यावर दगडी कमानीचे पूल आणि कडेने दोन-तीन मजली लाकडी घरं. स्टेशनासमोर निरनिराळ्या र्योकानांची (जुन्या जपानी पद्धतीच्या निवासांची) गेता ओळीने मांडून ठेवलेली. गेता म्हणजे आपल्या खडावाच, फक्त खुंटीच्या जागी कापडी पट्टा.

र्योकानात शिरताना बूट दारात सोडायचे ते थेट निघतानाच घालायचे. आतल्या चपला वेगळ्या, शौचालयातल्या आणखी वेगळ्या, आणि तातामीवर, म्हणजे खोलीभर अंथरलेल्या गवती चटयांवर, मात्र कुठलीच चप्पल नाही, अनवाणी किंवा मोज्यांवर. आईला यातलं काही शिकवावं लागलं नाही. शेणाने सारवलेल्या ओटीवर कुणी चपला घालून आलं तर तिने आयुष्यभर आरडाओरडा केलाय. खोली दहा तातामींची. भिंतीत एक उथळ कोनाडा, त्यात एक लांबट चित्र आणि बुटक्या फुलदाणीत एकच फांदी. त्याला तोकोनोमा म्हणतात, तिथे बॅग ठेवायची नाही. मी सवयीने ठेवणार होते, आईनेच हात धरला. "देव्हारा हाय तो," म्हणाली. देव्हारा नाही, पण मान तितकाच.

आमची काळजी घेणाऱ्या बाईंना नाकाई-सान म्हणतात. साठीच्या असाव्यात. त्यांनी गुडघे टेकून दार सरकवलं, हिरवा चहा आणि बीनचं गोड सारण भरलेली वडी पुढे ठेवली, जेवणाची वेळ विचारली. आईचे गुडघे मी आरक्षणाच्या वेळीच कळवले होते, त्यामुळे बसकी नव्हे तर पायांची खुर्ची आणि तिला जुळेल असं उंच टेबल खोलीत आधीच मांडलेलं होतं. म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर हे आधी कळवा, आयत्या वेळी होईलच असं नाही.

मग युकाता, म्हणजे कमरेला पट्ट्याने बांधायचा सैल सुती झगा. गावात सगळेच पाहुणे युकाता घालून फिरतात, थंडीत वरून जाडसर कोट देतात. आईने ब्लाउज-परकर काढणार नाही म्हणून सांगितलं आणि नाकाई-सानने अगदी सहज त्यावरच युकाता चढवली. आईने साडीच्या हिशेबाने उजवी बाजू वर आणली, तशी त्यांनी हलकेच हात धरून ती बदलली. डावी बाजूच वर हवी. उजवी वर ठेवून फक्त मृताला नेसवतात. आईला मी अर्थ सांगितल्यावर ती गंभीर झाली आणि पुढे दोन दिवस दर वेळी आरशासमोर उभी राहून मला विचारायची, "डावी वर ना गो?"

पहिल्या संध्याकाळी बाहेर गेलोच नाही. र्योकानात एक छोटं स्नानगृह चाळीस मिनिटं आपल्यापुरतं मिळतं, तिथे दोघीच गेलो. पद्धत तिथेच शिकवली: आधी बसक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, अंगावरचा सगळा फेस धुवायचा, मगच हौदात उतरायचं. पाण्यात कपडा नाही. छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. केस वर बांधायचे. परकराशिवाय पाण्यात उतरायला ती तयार होईना. मी उतरले, पाठ करून बसले. थोड्या वेळाने मागे पाणी हललं. बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "खारं हाय गो पाणी." खरंच खारं आहे. रंग नाही, गंधकाचा वास नाही.

रात्रीचं जेवण खोलीतच. खेकड्याचा हंगाम ६ नोव्हेंबरला सुरू होतो, आम्ही बरोबर त्यात सापडलो होतो. नराला मात्सुबा-गानी म्हणतात, लांबलचक पाय, पायाला बंदराच्या नावाची चकती. तो कच्चा, भाजलेला, उकळत्या रश्शातला, असा एकामागून एक येत गेला. आईला कच्चा नाही आवडला. तिचा जीव अडकला तो मादीत, सेको-गानीत: तळहाताएवढी, पण आत भरगच्च लाख, म्हणजे अंडी. "लाखेची कुर्ली!" असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की नाकाई-सान धावत आल्या. मग मी दोघींमध्ये बसून सांगत राहिले: आमच्याकडे अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या असतात, वाटप कसं लावतात, तिरफळ कशाला घालतात. मादीचा हंगाम फक्त डिसेंबरअखेरपर्यंत आणि नराचा २० मार्चपर्यंत, हे त्यांनी सांगितलं. जेवण होईतो दुसऱ्या बाईंनी गाद्या घातल्यासुद्धा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. आई पहाटे चारला उठते, जगात कुठेही असो. मी रात्री तिला सांगून ठेवलं होतं की न्हाणीघर सातला उघडतं आणि त्या दिवशी सर्वांत आधी येणाऱ्या बाईला आणि पुरुषाला आठवणीचा बिल्ला देतात, इचिबान-फुदा. साडेसहाला आम्ही कोनोयूच्या दारात. करकोच्याच्या कथेतलं ते हेच, सातांतलं सर्वांत जुनं. अंधार नुकता विरत होता, रस्त्यावर फक्त आमच्या गेतांचा आवाज. आमच्यामागून गावातल्या एक आजी आल्या, हातात प्लॅस्टिकची बालदी आणि साबण. पडदा वर गेला तेव्हा त्यांनी हाताने आईला पुढे जायची खूण केली. बिल्ला आईला मिळाला.

आत मी आईच्या मागे होते. तिने युकाता काढली, परकर काढला, घडी केली, टोपलीत ठेवली आणि मनगटावर टॉवेल गुंडाळला. तेवढाच. बाहेरच्या हौदात झाडांखाली बसलो. थंडीत वाफ इतकी की समोरचा चेहरा दिसत नव्हता. हात हलवताना टॉवेल सुटला. समोरच्या आजींनी पाहिलं. मला आत धस्स झालं. त्या पुढे सरकल्या, स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून आईला विचारलं, "हाना?" म्हणजे फूल? मी सांगणार तेवढ्यात आईच म्हणाली, "तुळस." आजींनी म्हणून पाहिलं, "तुरुशी". आईने मान हलवून पुन्हा म्हटलं. तीन-चार वेळा असं झालं. मग बाहेर येऊन अंग धुताना आजींचा हात पाठीला पोचेना, तर आईने न विचारता त्यांचा टॉवेल घेतला आणि माझी चोळायची तशी त्यांची पाठ चोळून दिली. मग आजींनी आईची. मी शेजारच्या स्टुलावर तोंडावर पाणी मारत बसले होते, डोळे लपवायला बरं पडलं.

त्यानंतर तिने मनगटावर टॉवेल बांधला नाही.

---

रानजाई

किती सुंदर लिहिलंयस ग. पाठ चोळून द्यायच्या प्रसंगाला मला माझी आजी आठवली. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते.

एक विचारते: सात न्हाणीघरांचे पैसे वेगवेगळे भरावे लागतात का?

---

माडाचीसावली

नाही. गावात कुठल्याही र्योकानात राहिलात की सातही ठिकाणचा पास मिळतो. वेगळा पडतो तो फक्त स्नान-कर, माणशी १५० येन, तो बिलात येतो. सातही एकाच दिवशी उघडी नसतात, प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या वारी आणि काही फक्त दुपारी तीनला उघडतात. तेव्हा निघण्याआधी वार बघा.

आम्हाला माणशी एका रात्रीचे दोन जेवणांसह २८ हजार येन पडले. खेकड्यामुळे जास्त. उन्हाळ्यात पुष्कळ कमी असतं.

---

घाटमाथा

लेख आवडला, पण पैशांबद्दल स्पष्ट लिहितो. आम्ही चौघं गेलो होतो, एका रात्रीत महिन्याभराच्या किराण्याएवढे गेले. तोयोओकात साध्या हॉटेलात राहून दिवसा येऊन अंघोळ केली तरी पाणी तेच. सात ठिकाणी तिकीट काढूनही बरेच वाचतात. आणि र्योकानातलं आतलं स्नानगृह एवढंसं! इतके पैसे घेऊन इतकं लहान का?

---

तोक्योकर

घाटमाथा, ते लहान असण्यामागे मोठी गोष्ट आहे. मी कामानिमित्त त्या भागात दोन वर्षं होतो, तिथेच ऐकली.

२३ मे १९२५ ला सकाळी अकराच्या सुमारास इथे मोठा भूकंप झाला. दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या, घरं लाकडाची. किनोसाकी जवळपास सगळं जळालं. गाव पुन्हा उभारताना लोकांनी रस्ते आणि नदी रुंद करायला आपापल्या जमिनीचा भाग सोडला. आज विलोंच्या मधून ती नदी दिसते ती त्यामुळे.

पुढे १९२७ मध्ये एका र्योकानाने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचं स्नानगृह काढायचं ठरवलं. गाव विरोधात उभं राहिलं. त्यांचं म्हणणं, झऱ्याचं पाणी कुणा एका घराचं नाही, शेकडो वर्षं लोक बाहेरच्या सामायिक न्हाणीघरातच येत आलेत, आणि पाहुणे आतच आंघोळ करून बसले तर रस्त्यावरची दुकानं कुणी चालवायची? वाद कोर्टात गेला आणि २३ वर्षं चालला. १९५० मध्ये समेट झाला: र्योकानांनी आत स्नानगृह बांधावं, पण ठरलेल्या आकारापेक्षा मोठं नाही. आता गावातले झरे एकत्र करून पाणी नळांनी सगळ्यांना वाटून देतात.

म्हणून तिथले लोक सांगतात की सगळं गाव मिळून एकच र्योकान आहे. स्टेशन म्हणजे त्याचा दरवाजा, रस्ते म्हणजे ओसरी, र्योकानं म्हणजे खोल्या आणि सात न्हाणीघरं म्हणजे त्याची मोरी. तुम्ही तोयोओकात राहून आलात तर पाणी तेच मिळेल, हे खरं. पण रात्री दहाला युकाता घालून, ओल्या केसांनी, कुठल्याही दारात शिरायचं आणि सगळा रस्ताच आपल्या घराच्या आत असल्यासारखा वाटायचा, ते तिथे झोपल्याशिवाय होत नाही.

---

घाटमाथा

हे माहीत नव्हतं. तेवीस वर्षं! धन्यवाद. पुढच्या वेळी निदान एक रात्र राहीन.

---

कातळखुणा

धागाकर्तीने नदीचा उल्लेख केलाय म्हणून राहवत नाही. ओताणी नदीच्या काठांना जो काळा दगड लावलाय तो बघितलात का? षटकोनी तुकडे दिसतात. तो गेन्बुदो गुहेजवळचा बसाल्ट. १९२५ च्या भूकंपात तिथले खांब कोसळले, तेच दगड गाव बांधायला वापरले.

गेन्बुदो किनोसाकीच्या एक स्टेशन आधी, मारुयामा नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. सुमारे १६ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना तडकून त्याचे पाच-सहा कोनांचे खांब झाले. बसाल्टला जपानी भाषेत 'गेन्बुगान' म्हणतात, ते नाव या गुहेवरूनच पडलं. मोतोनोरी मात्सुयामा या भूभौतिकशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये इथला नमुना तपासला तेव्हा त्यातलं चुंबकत्व आजच्या उलट दिशेचं निघालं. म्हणजे तो लाव्हा थिजला त्या काळात होकायंत्राची सुई दक्षिणेकडे वळली असती. १९२९ मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि आज त्या उलट्या कालखंडाला त्यांचंच नाव आहे.

आपल्याकडे असे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत, कोल्हापूरजवळ बांदिवड्याला आहेत. आपला कातळ कितीतरी जुना, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि सह्याद्रीतल्या बऱ्याच थरांतही असंच उलटं चुंबकत्व सापडतं. तुमच्या आईला शास्त्री नदी आठवली, त्या नदीचा तळही याच जातीच्या दगडाचा आहे. मी गेन्बुदोसमोर उभा होतो तेव्हा मलाही घरच आठवलं होतं.

---

माडाचीसावली

कातळखुणा, हे आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग मी काय चुकीचं बोलले?"

---

शाकाहारीपाहुणी

मी मासे, अंडी काही खात नाही. र्योकानात जावं का? नवऱ्याची फार इच्छा आहे.

---

माडाचीसावली

जावं, पण आरक्षणाआधी लिहून विचारावं आणि त्यांचं स्पष्ट उत्तर आल्यावरच पैसे भरावेत. अडचण भाजीची नाही, दाशीची आहे. जवळपास प्रत्येक रस्सा, सूप, भाजीची उकड, अंड्याचा पदार्थ, अगदी सॉससुद्धा सुकवलेल्या बोनितो माशाच्या पाण्यात होतो. "मांस-मासे नको" म्हटलं की ते मासळीचा तुकडा काढतील, पण दाशी राहील. तेव्हा "माशाची दाशीही नको, कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा शिताकेची (अळंबीची) चालेल" असं थेट लिहायचं. काही र्योकानं जमवतात, बरीच नम्रपणे नाही म्हणतात. नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. एकेक वाटी सकाळपासून ठरलेली असते आणि त्यांना अर्धवट काही वाढायचं नसतं.

नाहीतर जेवणाशिवाय नुसती खोली घ्या. गावात सकाळी दुकानं उघडतात, सोबत मेतकूट-भात, खाकरे ठेवा.

---

तोक्योकर

पूर्ण शाकाहारी हवं असेल तर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मंदिरांतल्या निवासांचाही विचार करा. तिथलं शोजिन-र्योरी हे भिक्षूंचं जेवण, मांस-मासे नाही आणि कांदा-लसूणही नाही. आमच्या सासूबाई, चातुर्मास पाळणाऱ्या, तिथे दोन दिवस पोटभर जेवल्या. तिळाचं तोफू त्यांना इतकं आवडलं की कृती विचारून आल्या. खोल्या र्योकानासारख्याच, तातामी आणि गाद्या.

---

ओलीसांज

मी ओकिनावात राहते. गोंदणाचं वाचून राहवलं नाही. इथल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांच्या पाठीवर, बोटांवर पूर्वी निळसर गोंदण असायचं, त्याला हाजिची म्हणतात. मुलगी वयात आली, लग्न झालं, की नक्षी वाढत जायची. १८९९ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. उत्तरेकडच्या ऐनू या मूळनिवासी बायकांच्या ओठांभोवतीच्या गोंदणावर त्याआधीच बंदी आली होती. इथल्या एका जुन्या छायाचित्रात बाईने दोन्ही हात मांडीवर असे उलटे ठेवलेत की नक्षी दिसावी. माझी पणजी फोटो काढताना हात अगदी असेच ठेवायची.

म्हणजे जपानातही आज्यांच्या हातावर हे होतंच. गुंडांशी त्याचा संबंध नव्हता. २०१३ मध्ये होक्काइदोत एका न्हाणीघराने चेहऱ्यावर पारंपरिक गोंदण असलेल्या न्यूझीलंडच्या माओरी पाहुण्या बाईला नाकारलं होतं, तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. त्यानंतर काही ठिकाणी नियम सैल झाले, काही ठिकाणी गोंदण झाकायला चिकटपट्टी देतात. पण मनगटभर तुळस चिकटपट्टीखाली लपवायला लागू नये असंच मला वाटतं. तुझ्या आईला नमस्कार सांग.

---

माडाचीसावली

ओलीसांज, हाजिचीचं मला काहीच माहीत नव्हतं. तो फोटो कुठे बघायला मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करशील? आईला दाखवायचाय.

---

वाफाळ

मी बाबांना कुसात्सूला नेलं होतं, त्याचा अनुभव देतो, कारण सगळी ओन्सेनं सारखी नसतात. तिथलं पाणी कमालीचं आम्लधर्मी, पीएच २ च्या आसपास. बाबांच्या पायावर खरचटलेलं होतं, तिथे भयंकर झोंबलं. झऱ्याचं पाणी इतकं कढत येतं की पूर्वी लांब फळ्यांनी ढवळून ते निववायचे. थंड पाणी मिसळलं तर गुण जातो म्हणून. ते युमोमी अजून गाण्यासह करून दाखवतात. चांदीची साखळी, अंगठी काढूनच उतरा.

कायद्याने ओन्सेन म्हणायला पाणी उगमाशी २५ अंश असलं तरी पुरतं, किंवा ठरवलेल्या १९ घटकांपैकी एक पुरेसा असावा लागतो. १९४८ चा कायदा आहे. त्यामुळे नुसतं 'ओन्सेन' पाहून जाऊ नका, पाणी कसलं ते विचारा. म्हाताऱ्या माणसांना आणि नाजूक त्वचेला किनोसाकीसारखं खारं, सौम्य पाणी बरं.

---

माडाचीसावली

वाफाळ, फार महत्त्वाचं लिहिलंत. यावरून माझी एक चूक सांगते, दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून. दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर उत्साहात आम्ही इचिनोयू, मग यानागीयू, मग जिझोयू, अशी तीन न्हाणीघरं पाठोपाठ केली. इचिनोयूला गुहेतला हौद आहे, तिथे आई रमली आणि मी तिला लवकर उठवलं नाही. जिझोयूतून बाहेर येताना तिला गरगरायला लागलं. तिथल्या बाईंनी लगेच बसवलं, पाणी दिलं, मानेवर गार फडका ठेवला. पाच-सात मिनिटांत बरं वाटलं, पण माझे हातपाय गळाले होते. याला युआतारी म्हणतात, तिथे नेहमीचं आहे. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं. भरल्या पोटी जाऊ नका, एका वेळी पाच-सहा मिनिटं पुरे, मधे बाहेर बसा, आधी आणि नंतर पाणी प्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून या.

---

रानजाई

हे सगळं वाचून एक मनातलं बोलते. आपल्याकडेही वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, आरवली, उनपदेव, केवढे झरे आहेत. गेल्या वर्षी एका कुंडावर गेले होते. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही, पायऱ्यांवर शेवाळ, पाण्यात शाम्पूच्या पुड्या. आईला धरून उतरवलं आणि तशीच ओल्या साडीत गाडीत बसवलं. पाणी मात्र काय सुंदर होतं! आधी अंग धुवायचं, मग सामायिक पाण्यात उतरायचं, एवढा एकच नियम आणि बायकांसाठी एक बंद खोली, एवढं जरी झालं तरी आपल्या आया तिथे रोज जातील.

---

कातळखुणा

रानजाई, पूर्ण अनुमोदन. आणि आपल्या झऱ्यांना ज्वालामुखी लागत नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणपट्टीत ते एका रांगेत सापडतात ते त्या भेगांमुळे. जवळपास बेफाम बोअर मारल्या तर झरा आटू शकतो. गावाने मिळून सांभाळण्यासारखीच गोष्ट आहे ती.

---

शाकाहारीपाहुणी

आमचं ठरलं! एका र्योकानाने कोंबूच्या दाशीवर जेवण द्यायचं कबूल केलंय, फेब्रुवारीचे दिवस मिळालेत. बर्फात गेता घालून चालता येतं का? आणि सासूबाई येताहेत, त्यांना सगळ्यांसमोर नकोच आहे, फक्त खासगी स्नानगृह पुरेल का?

---

माडाचीसावली

वा, मस्त! फेब्रुवारीत तिथे भरपूर बर्फ असतो. रस्ता निसरडा असेल तर सासूबाईंना गेता नकोच, आपले बूट घालू द्या, युकातावर बूट घातलेले पाहुणे थंडीत सर्रास दिसतात. छत्री र्योकानातच मिळते.

खासगी स्नानगृह नक्की पुरेल. पोचल्या पोचल्या वेळ लिहून घ्या, संध्याकाळच्या वेळा भराभर जातात. त्यांना तेवढंच हवं असेल तर तेवढंच करा, ओढू नका. फक्त निघायच्या दिवशी पहाटे जाग आलीच तर साडेसहाला दारात उभं राहायला काय हरकत आहे, एवढं एकदा विचारून बघा. आणि रोपवेच्या पायथ्याशी कढत झरा आहे, तिथे अंडी जाळीत बांधून उकडतात. तुम्ही खात नाही, पण शेजारी पाय शेकायची जागा आहे, ती सोडू नका.

आईने काल फोनवर विचारलं, त्या खडावा विकत मिळतात का. मिळतात, स्टेशनाच्या रस्त्यावर. तिच्या मापाच्या घेऊन ठेवल्यात, एप्रिलमध्ये मी येताना आणणार आहे.